जुन्या घरगुती चित्रफितींच्या संपादनासाठी व्हिडिओ-स्वरूपाची निवड : एक विवेचन

गोषवारा

१९८० नंतरच्या अडीच दशकांत महाराष्ट्रातील व गोव्यातील कुटुंबांनी, तसेच शिक्षणसंस्थांनी केलेले चित्रण प्रामुख्याने चुंबकीय फितीवर झाले. या फिती संगणकावर उतरवून त्यांचे संपादन करताना कोणते व्हिडिओ-स्वरूप वापरावे, हा प्रश्न बहुधा सोय किंवा फाइलचा लहान आकार पाहून सोडविला जातो. प्रस्तुत लेखात या निवडीमागील तांत्रिक कारणे स्पष्ट केली असून जतन, संपादन व वितरण या तीन कामांसाठी तीन स्वतंत्र प्रती असाव्यात, आणि संपादनाचे स्वरूप फितीत मुळात काय आहे यावरून ठरवावे, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : घरगुती चित्रण, व्हीएचएस, मिनीडीव्ही, संक्षेपण, आंतरगुंफन, जतन-प्रत, संपादन-प्रत.

१. प्रस्तावना

१९८२ साली, दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, भारतात रंगीत दूरचित्रवाणी सुरू झाली. त्यानंतरच्या काळात व्हीसीआर हे यंत्र प्रथम भाड्याने आणि पुढे विकत मध्यमवर्गीय घरांत येऊ लागले. लग्न, मुंज, बारसे, घरचा गणपती यांचे ‘व्हिडिओ शूटिंग’ हॅलोजनच्या प्रखर उजेडात होऊ लागले. महाविद्यालयांतून स्नेहसंमेलने, व्याख्याने आणि क्षेत्रभेटी याच फितीवर नोंदविल्या गेल्या. या चित्रणाला आज केवळ कौटुंबिक मूल्य उरलेले नाही. बोलीतील उच्चार, पंगतीची मांडणी, वेशभूषा, स्त्रियांनी म्हटलेली गाणी, पाडल्या गेलेल्या वाड्यांचे अंतर्भाग यांचा तो प्रत्यक्ष पुरावा आहे. भाषा, समाजशास्त्र व इतिहास या विषयांच्या अभ्यासकांना असा पुरावा अन्यत्र क्वचितच मिळतो.

हा पुरावा नाशवंत आहे. फितीवरील चुंबकीय कण धरून ठेवणारा बंधकद्रव्याचा थर दमट हवेत क्षीण होतो. कोकण व गोव्याच्या पावसाळी हवामानात कॅसेटींवर बुरशी धरते. फितीपेक्षाही मोठी अडचण यंत्रांची आहे. जपानमधील फुनाई या कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबविले आणि या यंत्राचे ज्ञात उत्पादन तेथे संपले. युनेस्को व ध्वनी-दृक्श्राव्य अभिलेखागारांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्ये हाती घेतलेल्या चुंबकीय फितींविषयीच्या इशारा-प्रकल्पाने, फितींचे अंकीकरण २०२५ च्या सुमारापर्यंत उरकले पाहिजे हे तज्ज्ञांचे सर्वसाधारण मत पुढे मांडले होते. ती मुदत आता उलटली आहे. आज एखादी कॅसेट यंत्रात घातली जाते तेव्हा ती कदाचित शेवटचीच खेप असते. म्हणून त्या वेळी निवडलेले स्वरूप हा त्या चित्रणाविषयीचा जवळजवळ अंतिम निर्णय ठरतो.

प्रस्तुत विवेचन चुंबकीय फितीवरील चित्रणापुरते मर्यादित आहे. ८ मिलिमीटर चित्रपटफितीचे अंकीकरण प्रकाशीय पद्धतीने होत असल्याने त्याचा विचार येथे केलेला नाही.

२. पहिल्या रूपांतराचा अनुभव

हे रूपांतर प्रथमच होत आहे असे नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस व त्यानंतर अनेक कुटुंबांनी आपल्या कॅसेटी व्हीसीडीवर उतरवून घेतल्या. व्हीसीडीच्या १९९३ साली निश्चित झालेल्या मानकानुसार आपल्याकडील पाल पद्धतीत चित्राचा आकार ३५२ × २८८ पिक्सेल व चित्रासाठीचा माहितीचा वेग सेकंदाला सुमारे १.१५ मेगाबिट एवढाच असतो. पाल चित्रात मात्र दिसणाऱ्या रेषा ५७६ असतात. आडव्या दिशेने व्हीएचएसचा तपशील मुळातच कमी असल्याने त्या बाजूची हानी मर्यादित राहिली, परंतु उभ्या दिशेचा निम्मा तपशील आणि हालचालीच्या निम्म्या क्षणांची नोंद कायमची गेली. त्यात भर म्हणून वेगवान हालचालीत चौकोनी ठोकळे दिसू लागले. ‘आता चकतीवर आले’ या समाधानात पुष्कळ ठिकाणी मूळ कॅसेटी टाकून देण्यात आल्या आणि पुढे त्या चकत्याही वाचेनाशा झाल्या.

लग्नाच्या चित्रणाबाबत आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. घरी मिळालेली कॅसेट बहुधा ‘मिक्सिंग’ केलेली, म्हणजे मूळ कॅसेटवरून काढलेली दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीची प्रत असते. तीत ठिकठिकाणी मूळ आवाज काढून चित्रपटगीते घातलेली असतात. मंगलाष्टके, विहिणींचे संवाद, वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद हे सारे मिक्सिंग न केलेल्या मूळ कॅसेटवरच आढळते. अशी कॅसेट शिल्लक असल्यास तीच प्रथम उतरविणे इष्ट होय.

या अनुभवाचा धडा स्पष्ट आहे. वितरणासाठी बनविलेले स्वरूप जतनासाठी वापरले गेले, आणि हीच चूक आज एमपी४ फाइलच्या रूपाने पुन्हा होत आहे.

३. फितीवर प्रत्यक्षात काय असते

स्वरूपाची निवड करण्यापूर्वी फितीतील संकेताचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे.

(अ) तपशील : जेव्हीसीने १९७६ साली आणलेल्या व्हीएचएसमध्ये चित्राच्या उजेड-अंधाराची माहिती सुमारे ३ मेगाहर्ट्झ इतक्याच पट्ट्यात मावते. त्यातून आडव्या दिशेने सुमारे २४० रेषांचा तपशील मिळतो. रंगाची माहिती त्याहून फारच विरळ असते. एस-व्हीएचएस (१९८७) व हाय-८ (१९८९) यांत हा तपशील सुमारे ४०० रेषांपर्यंत वाढला. १९९५ पासून आलेल्या डीव्ही पद्धतीत चित्र फितीवरच अंकीय रूपात नोंदविले गेले.

(आ) आंतरगुंफन : पाल चित्रात सेकंदाला २५ फ्रेम असतात, परंतु प्रत्येक फ्रेम दोन ‘फील्डां’ची बनलेली असते. एका फील्डात विषम व दुसऱ्यात सम क्रमांकाच्या रेषा असतात आणि त्या दोहोंमध्ये १/५० सेकंदाचे अंतर असते. म्हणजे फितीवर सेकंदाला हालचालीचे ५० क्षण नोंदलेले असतात. संगणकाच्या पडद्यावर दोन्ही फील्डे एकाच वेळी दाखविली की हलणाऱ्या वस्तूच्या कडा फणीच्या दातांसारख्या दिसतात. या दातांना दोष समजून एक फील्ड टाकून देणे हा सोपा परंतु घातक उपाय होय, कारण टाकलेले क्षण पुन्हा मिळत नाहीत.

(इ) अस्थिरता : फितीचा वेग यंत्रात किंचित कमीजास्त होत असल्याने रेषांच्या आरंभबिंदूत कंप येतो. तो दुरुस्त करण्याचे काम कालाधार-दुरुस्ती यंत्रणा करते. ही दुरुस्ती अंकीकरणाच्या वेळीच व्हावी लागते, कारण नंतर कोणतेही स्वरूप निवडले तरी हा दोष सहजासहजी जात नाही.

४. निवडीचे निकष

व्हिडिओ-स्वरूप या शब्दाने दोन वेगळ्या गोष्टी सूचित होतात. एमपी४, एमओव्ही, एव्हीआय ही केवळ वेष्टने आहेत. त्यांच्या आत माहिती कोणत्या रीतीने बांधली आहे हे कोडेक ठरवितो. निवड करावयाची ती मुख्यतः कोडेकची. त्यासाठी पुढील चार निकष महत्त्वाचे ठरतात.

पहिला निकष संक्षेपणाच्या रीतीचा. डीव्हीडीवरील एमपीईजी-२ आणि आजचा एच.२६४ हे कोडेक सामान्यतः फ्रेमांचा गट करून काही फ्रेम पूर्ण ठेवतात आणि उरलेल्या फ्रेममध्ये केवळ बदलांची नोंद करतात. पाहण्यासाठी ही काटकसर उत्तम आहे, परंतु संपादनात ती अडचणीची ठरते. गटाच्या मध्येच कापायचे झाल्यास शेजारच्या फ्रेम पुन्हा बांधाव्या लागतात, आणि प्रत्येक पुनर्बांधणीत थोडा तपशील गळतो. शिवाय व्हीएचएसमधील वळवळणारा दाणेदार गोंगाट प्रत्येक फ्रेमला वेगळा असतो. ‘बदल’ ओळखणारा कोडेक आपली बरीचशी शक्ती या गोंगाटावर खर्च करतो आणि चेहऱ्यावरील सूक्ष्म छटा पुसतो. म्हणून संपादनासाठी प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे बांधणारा कोडेक असावा.

दुसरा निकष रंगमाहितीचा. १९८२ साली मान्य झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार (आज ती बीटी.६०१ या क्रमांकाने ओळखली जाते) प्रमाण-विभेदन चित्रात प्रत्येक रेषेवर उजेडाचे ७२० व रंगाचे ३६० नमुने घेतले जातात. यास ४:२:२ म्हणतात. ४:२:० पद्धतीत उभ्या दिशेनेही रंग निम्मा होतो. व्हीएचएसमध्ये रंगाचा तपशील मुळातच तुटपुंजा असल्याने हा फरक साध्या पाहण्यात फारसा जाणवत नाही. तथापि आंतरगुंफित चित्रातील ४:२:० माहिती एखाद्या आज्ञावलीने चुकीच्या रीतीने वाचल्यास लाल शालूच्या वा झेंडूच्या माळांच्या कडांवर दातेरी रेषा उमटतात. ४:२:२ मध्ये हा धोका टळतो. हॅलोजनमुळे आलेला पिवळेपणा काढण्यासारखी रंगदुरुस्ती करावयाची असल्यास ८-बिटपेक्षा १०-बिट खोली उपयोगी पडते, कारण छटा ताणल्यावर पट्टे पडत नाहीत.

तिसरा निकष आंतरगुंफन टिकविण्याचा. निवडलेल्या कोडेकने दोन्ही फील्डे आणि त्यांचा क्रम जपला पाहिजे. डीव्हीमध्ये खालचे फील्ड आधी येते, तर पाल ॲनालॉग फितीच्या अंकीकरणात सहसा वरचे फील्ड आधी असते. दोन्ही प्रकारचे चित्रण एकत्र जोडताना हा क्रम चुकला तर हालचाल क्षणाक्षणाला पुढे-मागे उडताना दिसते.

चौथा निकष आकाराचा. एका तासाच्या पाल चित्रासाठी, ध्वनी वगळून, लागणारी जागा पुढील तक्त्यात दिली आहे.

तक्ता क्र. १ : एका तासाच्या चित्रणासाठी लागणारी अंदाजे जागा

| स्वरूप | वेग (मेगाबिट प्रतिसेकंद) | जागा (गिगाबाइट) |
|---|---|---|
| असंक्षेपित ४:२:२, १०-बिट | २०७ | ९३ |
| असंक्षेपित ४:२:२, ८-बिट | १६६ | ७५ |
| एफएफव्ही१, १०-बिट | चित्रानुसार बदलता | सुमारे ३५ ते ५० |
| प्रोरेस ४२२ एचक्यू | सुमारे ६० | सुमारे २८ |
| प्रोरेस ४२२ | सुमारे ४० | सुमारे १८ |
| डीव्ही | २५ (ध्वनी इत्यादींसह सुमारे २९) | १३ (ध्वनी इत्यादींसह) |
| डीव्हीडी, एमपीईजी-२ | ९.८ पर्यंत | ४.४ पर्यंत |
| एच.२६४, वितरणासाठी | ५ धरल्यास | २.२५ |
| व्हीसीडी, एमपीईजी-१ | १.१५ | ०.५ |

५. प्रमुख स्वरूपांचा तौलनिक विचार

असंक्षेपित स्वरूपात काहीही गळत नाही, परंतु जागा फार लागते. एफएफव्ही१ हा त्याला समर्थ पर्याय आहे. गणिती दृष्ट्या तो संपूर्णतः अक्षत आहे. उलगडल्यावर प्रत्येक बिट जसाच्या तसा परत मिळतो. तो कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचा नाही. २०२१ मध्ये त्याचे विनिर्देश इंटरनेट अभियांत्रिकी कृतिदलाने आरएफसी ९०४३ या क्रमांकाने प्रसिद्ध केले. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत चित्राच्या प्रत्येक तुकड्यासाठी तपासणी-अंक ठेवता येतो, त्यामुळे वर्षांनंतर फाइल बिघडली असल्यास नेमका कोणता भाग बिघडला हे कळते. जतनासाठी हे गुण मोलाचे आहेत. मात्र सर्वच संपादन-प्रणाली तो थेट उघडतात असे नाही, आणि उलगडण्यास संगणकावर भार पडतो.

ॲपलने २००७ मध्ये आणलेला प्रोरेस हा संपादनासाठीच घडविलेला कोडेक होय. तो काटेकोर अर्थाने अक्षत नाही, परंतु प्रत्येक फ्रेम स्वतंत्र, ४:२:२ रंग, १०-बिट खोली व आंतरगुंफनास आधार हे चारही गुण त्यात आहेत. दोन-तीन वेळा पुनर्बांधणी झाली तरी व्हीएचएसच्या तपशिलात डोळ्यांस जाणवेल असा फरक पडत नाही. प्रमुख संपादन-प्रणालींत तो सहज उघडतो.

डीव्हीचा विचार दोन प्रकारे करावा लागतो. मिनीडीव्ही किंवा डिजिटल-८ कॅसेटवरील चित्रण मुळातच या स्वरूपात असल्यास फायरवायर जोडणीतून होते ती केवळ माहितीची नक्कल. तीत काहीही गळत नाही आणि चित्रणाची तारीख-वेळही सोबत येते. तीच फित ॲनालॉग तारेने उतरविल्यास हे दोन्ही लाभ गमावले जातात. याउलट व्हीएचएसचे अंकीकरण डीव्हीमध्ये करणे ही २००० च्या दशकातील रूढ पद्धत होती. आज डिस्क स्वस्त झाल्यामुळे तिचे मुख्य कारण उरलेले नाही. डीव्हीतील सुमारे पाचास एक हे संक्षेपण गोंगाटयुक्त चित्रावर ताणले जाते आणि पाल डीव्हीत रंग ४:२:० असतो. तरीही अशा रीतीने आधीच उतरविलेली डीव्ही फाइल असेल व कॅसेट उरली नसेल, तर ती मूळच समजून तशीच जपावी.

एच.२६४ व त्यानंतरचे कोडेक पाहणाऱ्यापर्यंत चित्र पोचविण्यासाठी उत्कृष्ट आहेत. बाजारात मिळणारी स्वस्त यूएसबी अंकीकरण-साधने पुष्कळदा थेट याच स्वरूपात चित्र साठवितात. सोय वाटते ती येथे, आणि हानी होते तीही येथेच.

६. स्रोतानुसार शिफारस

व्हीएचएस, व्हिडिओ-८ वा हाय-८ ही ॲनालॉग फित असल्यास कालाधार-दुरुस्तीसह ४:२:२ मध्ये, शक्य तर १०-बिट खोलीने, आंतरगुंफित रूपातच अंकीकरण करावे. एस-व्हीएचएस व हाय-८ यंत्रातून एस-व्हिडिओ तार वापरल्यास उजेड व रंग वेगळे राहतात. ध्वनी ४८ किलोहर्ट्झ असंक्षेपित पीसीएममध्ये घ्यावा. ही फाइल एफएफव्ही१ मध्ये बांधून जतन-प्रत म्हणून दोन निरनिराळ्या डिस्कवर, शक्यतो दोन ठिकाणी ठेवावी. बुरशी दिसणारी कॅसेट स्वच्छ केल्याखेरीज यंत्रात घालू नये, कारण तिचा संसर्ग यंत्रामार्फत इतर फितींना होतो.

संपादन-प्रत या जतन-प्रतीवरून बनवावी. अंतिम चित्रपट आजच्या सपाट पडद्यावरच पाहिला जाणार असल्यास आंतरगुंफन सोडविण्याचे काम या टप्प्यावर, चांगल्या आज्ञावलीने, सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम मिळतील अशा रीतीने करावे. २५ फ्रेम ठेवल्यास निम्मे क्षण जातात. आंतरगुंफित चित्र तसेच ठेवून त्याचा आकार वाढविणे वा त्यावर झूम देणे मात्र टाळावे, कारण त्यात दोन क्षणांच्या रेषा एकमेकींत मिसळतात. ५० फ्रेमची प्रोरेस प्रत तक्त्यातील आकाराच्या सुमारे दुप्पट होते, परंतु ती केवळ निवडलेल्या भागांचीच करावयाची असल्याने भार फारसा वाढत नाही.

चित्राच्या प्रमाणाकडेही लक्ष द्यावे. ७२० × ५७६ या आकारातील पिक्सेल चौरस नसतात. मधले ७०४ पिक्सेल घेऊन त्यांची रुंदी ७६८ केली की ४:३ हे खरे प्रमाण मिळते. रुंद पडदा भरण्यासाठी चित्र ताणल्यास माणसे बुटकी व स्थूल दिसतात. बाजूंना काळी पट्टी राहिली तरी हरकत नाही. चित्र उच्च विभेदनात वाढविताना बीटी.६०१ वरून बीटी.७०९ या रंगमानकाकडे रूपांतर न केल्यास त्वचेच्या रंगात फरक पडतो.

अमेरिका व कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी मायदेशी पाठविलेल्या कॅसेटी एनटीएससी पद्धतीच्या असतात. तीत सेकंदाला २९.९७ फ्रेम व सुमारे ४८० दृश्य रेषा असतात. अशी फित एनटीएससी ओळखणाऱ्या यंत्रावर, त्याच पद्धतीत उतरवावी आणि तिची जतन-प्रत तशीच ठेवावी. पाल चित्रणाशी जोडण्यासाठी लागणाऱ्या भागांचेच शेवटी रूपांतर करावे.

खर्चाचा अंदाज घेतल्यास, तीन-तीन तासांच्या २० कॅसेटींचे ६० तास चित्रण एफएफव्ही१ मध्ये, तासाला ४५ गिगाबाइट धरून, सुमारे २.७ टेराबाइट होते. ४ टेराबाइटच्या एका डिस्कवर ते मावते. असंक्षेपित १०-बिट स्वरूपात त्यालाच सुमारे ५.६ टेराबाइट लागतील. निवडीपूर्वी वरात, मुलांची धावपळ अशा वेगवान हालचालीचा दोन मिनिटांचा तुकडा उतरवून तो एकेक फ्रेम पुढे सरकवीत पाहावा. फील्डक्रम, रंगाच्या कडा व ध्वनीचा मेळ यांतील बहुतेक चुका येथेच ध्यानात येतात. लांबलचक कॅसेटीत आवाज हळूहळू मागे-पुढे सरकतो की काय, हे शेवटच्या दहा मिनिटांत तपासावे.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) एकच स्वरूप जतन, संपादन व वितरण या तिन्ही कामांना पुरत नाही. जतनासाठी एफएफव्ही१, संपादनासाठी प्रोरेस ४२२ किंवा ४२२ एचक्यू व वितरणासाठी एच.२६४ ही विभागणी ॲनालॉग फितींसाठी योग्य ठरते.

२) मिनीडीव्ही व डिजिटल-८ फितींची डीव्ही फाइल हीच जतन-प्रत होय. तिचे ‘अधिक चांगल्या’ स्वरूपात रूपांतर केल्याने गुणवत्ता वाढत नाही.

३) आंतरगुंफन सोडविणे, आकार वाढविणे, गोंगाट काढणे या क्रिया जतन-प्रतीवर कधीही करू नयेत. या आज्ञावली वर्षागणिक सुधारत आहेत. आज काढलेला गोंगाट उद्याच्या अधिक कुशल आज्ञावलीला मूळ रूपातच हवा असतो.

४) जेथे फित व यंत्र दोन्ही दुर्मीळ झाली आहेत तेथे वेळ संपादनापेक्षा प्रथम अंकीकरणावर खर्च करावा. जतन-प्रत सुरक्षित असल्यास संपादन कोणीही, केव्हाही करू शकेल.

महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत व विभागांत अशा फिती आजही कपाटांत पडून आहेत. त्यांची यादी करणे, चित्रातील व्यक्ती व स्थळे ओळखू शकणारी ज्येष्ठ मंडळी हयात असतानाच त्यांच्याकडून नोंदी घेणे, आणि वरील क्रमाने जतन-प्रती तयार करणे हे काम कोणत्याही एका विषयाचे नसून सर्व विभागांचे मिळून आहे. त्यासाठी लागणारी साधने अद्याप मिळू शकतात, परंतु चालू स्थितीतील व्हीसीआरची संख्या दरवर्षी घटत असल्याने या कामास विलंब परवडणारा नाही.